सुरांची उसनवारी (११) : कुरवंजीत ख्रिस्त, कुरवंजीत भूगोल

गॉस्पेल आणि रॅप एकत्र कसे आले ते या आठवड्यात सांगतो म्हणालो होतो. ते पुढे ढकलतो आहे. सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘रेव्हरंड टिळकांच्या ख्रिस्ती कीर्तनापर्यंत आलात, पण तंजावरला तर मराठ्यांचं राज्य होतं. तिथे असं काही झालं नाही?’ झालं. टिळकांच्या जन्माआधी साठेक वर्षं झालं! आणि या विषयावर कुणी नुसतं बोट ठेवलं तरी मला थांबवत नाही.

सुरुवात तिरुविडैमरुदूरपासून करू. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की आठ-नऊ किलोमीटरवर महालिंगस्वामीचं प्रचंड देऊळ दिसतं. याच क्षेत्राचं संस्कृत नाव मध्यार्जुन. १७९८ साली इंग्रजांनी अमरसिंहांना तंजावरच्या गादीवरून उतरवून सरफोजींना बसवलं, तेव्हा अमरसिंह इथे येऊन राहिले. सरफोजींची बाजू वर्षानुवर्षं लावून धरली होती जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांनी. त्यामुळे या गावात मराठी दरबार आला, त्यात एका पाद्र्याचाही हात होता. अमरसिंहांचं राज्य गेलं, गाण्याचा शौक गेला नाही. घनम कृष्णय्यर इथलेच दरबारी गवई. उत्तरेकडच्या संगीतातले रामदास इथेच होते आणि त्यांच्याकडे शिकायला आले गोपालकृष्ण भारती. हे नाव ध्यानात ठेवा.

तिकडे तंजावरला श्वार्ट्झ यांचे दोन शिष्य. एक खुद्द सरफोजी, दुसरे वेदनायक शास्त्री (१७७४–१८६४), तमिळ ख्रिस्ती कवी. शास्त्रींनी १८००च्या सुमारास ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळ मुलुखातला लाडका नाट्यप्रकार. मिरवणुकीत निघालेल्या देवावर किंवा राजावर नायिका भाळते. मग डोंगरातली कुरत्ती येते, आपल्या मुलुखाची वर्णनं करते, हात बघून भविष्य सांगते. शेवटी तिचा नवरा सिंगन, पाखरं धरणारा पारधी, तिला शोधत येतो. शास्त्रींनी सांगाडा तोच ठेवला. त्यांची नायिका देवमोहिनी ख्रिस्तावर भाळते, कुरत्ती होते श्रद्धा आणि सिंगनाच्या जाळ्यात पाखरांऐवजी माणसांचे आत्मे येतात. एवढ्यावर न थांबता त्यांनी त्यात कोपर्निकसचं खगोलशास्त्रही घातलं. सरफोजींच्या नावावर मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे. तिच्यातली कुरत्ती जगाचा भूगोल सांगते. गुरुबंधूंपैकी एकानं धर्म सांगितला, दुसऱ्यानं नकाशा, आणि दोघांनी तोंड वापरलं ते भविष्य सांगणाऱ्या भटक्या बाईचं.

हीच बाई का? कारण बडबडणं हा तिचा हक्कच आहे. नद्या, डोंगर, गावं यांची यादी ती ठेक्यावर धडाधड म्हणत सुटणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तो त्याचीच वाट बघत असतो. संथ आळवायच्या पदात ग्रहमाला बसत नाही. आपल्याकडे अमृतरायांचे कटाव ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे सूर नावापुरता, शब्द लयीवर स्वार आणि अनुप्रासांचा मारा. रॅपची ताकदही याच जागी आहे. ज्याला थोड्या वेळात खूप सांगायचंय, त्याला हा साचा हवाच असतो, आणि धर्मप्रचारकाइतकं सांगायचं कुणाला असतं?

विरोध व्हायचा तो झालाच, पण देवळातून नव्हे, चर्चमधून. श्वार्ट्झ यांच्यानंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांना उपासनेतलं तमिळ संगीत नको होतं. शास्त्रींनी १८२०च्या दशकात त्यांच्याविरुद्ध खरमरीत लिहिलं. वाचताना आपण शास्त्रींच्या बाजूचे होत जातो, आणि मग ठेच लागते. कारण त्यांच्या तक्रारींच्या यादीत संगीताच्या जोडीला आणखी एक कलम आहे : चर्चमध्ये सगळ्या जातींना एकत्र बसवतात! भटक्या बाईची गाणी चालली, खालच्या मानलेल्या जातीचा माणूस शेजारी चालला नाही.

आता गोपालकृष्ण भारतींकडे या. १८६१ साली त्यांचं ‘नंदनार चरित्रम्’ छापून आलं. चिदंबरमच्या ओढीनं तळमळणारा अस्पृश्य शेतमजूर नंदन आणि त्याला सोडायला तयार नसलेला ब्राह्मण जमीनदार यांची ही संगीत कथा. हा जमीनदार जुन्या पुराणकथेत नाही, तो भारतींनी घातला. कथेकरी ब्राह्मणानं आपल्याच श्रोत्यांपुढे आपल्याच जातीचा खलनायक उभा केला.

म्हणून माझं म्हणणं असं, की चाल उसनी घेणं सोपं असतं. ज्यांची चाल घेतली त्यांना शेजारी बसवायची वेळ आली की उसनवारीची खरी किंमत कळते. रॅपच्या बाबतीत हाच प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या चर्चपुढे उलटा आला : माणसं आपलीच, पण त्यांचं रस्त्यावरचं गाणं आत घ्यायचं का? १९९७ साली कर्क फ्रँकलिन यांच्या ‘स्टॉम्प’ या गॉस्पेल गाण्यात सॉल्ट नावाच्या रॅपर बाईंनी आपलं कडवं म्हटलं. पुढच्या आठवड्यात तिथून सुरुवात करू. मध्येच कुणी पत्र पाठवलं नाही तर.