दिमतीचे विमान

सरकारी वैमानिक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक तर वायुदलाचा निळा गणवेश येतो, नाही तर प्रवासी विमानाच्या दाराशी उभा असलेला चार पट्ट्यांचा कॅप्टन. परंतु या दोहोंच्या मधोमध एक तिसरी, संख्येने अल्प आणि प्रसिद्धीच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य अशी जमात आहे, जी एखाद्या राज्याच्या विमानविभागात किंवा केंद्राच्या एखाद्या सर्वेक्षणसंस्थेत पगार घेते आणि जिचे निम्मे आयुष्य मंत्री व अधिकारी यांची ने-आण करण्यात, तर उरलेले निम्मे कोणालाही कोठेही न नेण्यात खर्च होते. माझी नोकरी या जमातीत गेली. आरंभीची वर्षे एका राज्य शासनाच्या दिमतीस आणि नंतरची हवाई छायाचित्रणात. विमान मात्र दोन्हीकडे एकाच बनावटीचे, बीचक्राफ्ट सुपर किंग एअर बी-२००.

मंत्र्यांच्या दौऱ्याचे काम बाहेरून दिमाखाचे दिसते. आतून ते केवळ हिशेबाचे असते. या विमानाने उड्डाणाच्या वेळी ५,६७० किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये असा दंडक आहे. जिल्ह्याच्या धावपट्टीवर बहुधा इंधन मिळत नाही, म्हणून परतीचे तेलही सोबत न्यावे लागते. आणि टाक्या भरल्या की सर्व आसने भरता येत नाहीत, ही गोष्ट कोणत्याही खाजगी सचिवाला एकदा सांगून पटत नाही. ऐन वेळी दोन कार्यकर्ते, फायलींची एक पेटी आणि शालींचे एक गाठोडे वाढते, आणि त्यांतील कोणाला तरी खाली उतरावयास सांगण्याचे अप्रिय कर्तव्य वैमानिकाच्या वाट्याला येते. मंत्रिमहोदयांना त्यांचे वजन विचारण्याची प्राज्ञा कोणाची? आम्ही ते नजरेने अजमावीत असू, आणि सावधगिरी म्हणून दहा किलो अधिकच धरीत असू.

उतरण्याची जागा हा निराळाच अध्याय. जेथे नियंत्रण-मनोरा नाही अशा धावपट्टीवर बंदोबस्ताची सर्व जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर असते: अग्निशमन बंब, रुग्णवाहिका, पोलीस, आणि विमान दिसू लागण्यापूर्वी धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जीप फिरवून गुरे व कुत्री हाकलणारा कोणी तरी. हे शेवटचे काम एखादा अनुभवी मंडल अधिकारी जितके चोख करतो तितके कोणतेही यंत्र करीत नाही, असे माझे ठाम मत आहे. तरीही आम्ही प्रथम एक फेरी खालून मारून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चाके टेकवीत नसू.

खरी रस्सीखेच होई ती सूर्यास्ताशी. डोळ्यांनी पाहून करावयाचे उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पलीकडे चालू ठेवता येत नाही, आणि बहुतेक जिल्हा धावपट्ट्यांवर दिवे नसत; याउलट सभा नेहमी संध्याकाळच्या, आणि प्रत्येक सभा आधीच्या सभेमुळे उशिरा सुरू होणारी. "कॅप्टनसाहेब, साहेबांना आज पोहोचलंच पाहिजे," असे सचिव म्हणत, आणि मी पंचांगातील वेळ दाखवून म्हणे, "साहेबांना सांगा, मोटारीने निघा." या एका वाक्यासाठी मला कधी शाबासकी मिळाल्याचे आठवत नाही, तक्रारी मात्र वरपर्यंत गेल्या.

या पेशातील ज्या एका वैमानिकाचे नाव इतिहासात नोंदले गेले ते त्याच्या मृत्यूमुळे. १९ सप्टेंबर १९६५ रोजी, भारत-पाक युद्ध चालू असताना, गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे बीचक्राफ्ट विमान कच्छच्या सीमेलगत सुथरी गावाजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले आणि आतील आठही जण मृत्युमुखी पडले. विमान चालवीत होते गुजरात शासनाचे मुख्य वैमानिक जहांगीर इंजिनिअर. ते पाडणारे कैस हुसेन यांनी २०११ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी, इंजिनिअर यांच्या कन्येला पत्र लिहून खेद व्यक्त केला. त्या पत्राची बातमी वाचली त्या दिवशी मी बराच वेळ काही बोललो नाही.

छायाचित्रणाकडे आलो तेव्हा प्रथम जाणवले ते हे की येथे हारतुरे नाहीत, लवाजमा नाही. विमानाच्या पोटाला कापलेल्या झरोक्यावर बसवलेला कॅमेरा हाच काय तो साहेब. हा साहेब मात्र भलताच काटेकोर. त्याचे भिंग १५२ मिलिमीटर नाभ्यंतराचे, आणि फिल्मवरील प्रत्येक चित्र २३ सेंटिमीटर लांब-रुंद. १:१०,००० या प्रमाणाची चित्रे हवी असतील तर जमिनीपासून बरोबर १,५२० मीटरवर उडावयाचे, म्हणजे एकेका चित्रात २.३ किलोमीटर बाजूचा चौरस मुलूख मावतो. लगतच्या दोन चित्रांत शेकडा ६० भाग समाईक असावा लागतो, कारण एकच टेकडी दोन ठिकाणांहून टिपली गेली तरच ती स्टिरिओस्कोपखाली उठून उभी राहते आणि तिच्या समोच्चरेषा काढता येतात. ताशी २८० किलोमीटर वेगाने उडताना हा हिशेब दर बारा सेकंदांना एक चित्र असा पडतो. शेजारच्या दोन पट्ट्यांतही शेकडा तीसच्या आसपास भाग समाईक ठेवावयाचा. पट्टी संपली की लांब, हलके वळण घेऊन उलट दिशेने पुढची पट्टी धरावयाची. आडवा वारा असला म्हणजे विमानाचे नाक वाऱ्याकडे काही अंश वळवून ठेवावे लागते, आणि मागे बसलेला छायाचित्रकार कॅमेरा आपल्या बैठकीत तितकाच उलटा फिरवतो. तो विसरला तर चित्रे जिन्याच्या पायऱ्यांसारखी एका बाजूला सरकत जातात आणि सबंध पट्टी फुकट जाते.

सह्याद्रीने आम्हांला जितके छळले तितके कोणी छळले नाही. सहाशे मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर १:१०,००० या प्रमाणाने चाललेले विमान तीच उंची राखून कोकणावर गेले की खालची जमीन एकदम दूर जाते आणि प्रमाण १:१४,००० च्या घरात उतरते. म्हणून तेथे पट्ट्या डोंगराच्या रांगेला समांतर आखावयाच्या आणि माथ्यासाठी एक उंची, तळकोकणासाठी दुसरी, अशी तजवीज करावयाची. त्यातून ऋतू अपुरा. पावसाळ्यानंतर हवा धुऊन निघते, पण थंडी वाढली की सकाळी धुरकट पडदा पसरतो. सूर्य क्षितिजावर ३० अंशांपर्यंत चढल्याखेरीज सावल्या आखूड होत नाहीत, आणि दुपारी दख्खनच्या तापलेल्या जमिनीवर कापसाचे ढग धरू लागतात. या दोहोंमधील काही तास एवढेच आमचे राज्य. त्यातही संरक्षण मंत्रालयाची परवानगी आधी हातात असावी लागे, आणि धुतलेली फिल्म सुरक्षेच्या दृष्टीने तपासून झाल्यावरच नकाशाकारांच्या हाती पडे.

आता यातील बरेच काम उपग्रहांनी आणि ड्रोननी उचलले आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तर गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली. त्याचे मला वाईट वाटत नाही. मला बोलावयाचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. छायाचित्रणाच्या मुक्कामी रोजच्या नोंदवहीत "ढगाळ, उड्डाण नाही" एवढे तीन शब्द लिहिले की त्यावर कोणी खुलासा मागत नसे, कारण ढगाखालून उडण्याचा हट्ट केला तर फिल्मच उद्या त्याची साक्ष देणार, हे वरिष्ठांना ठाऊक होते. मंत्र्यांच्या दौऱ्यात मात्र तेच आकाश, तेच विमान आणि तोच वैमानिक असूनही प्रत्येक नकाराला कारण दाखवावे लागे. कारण टळलेल्या अपघाताचे छायाचित्र निघत नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे आणि २ सप्टेंबर २००९ रोजी वाय. एस. राजशेखर रेड्डी खराब हवेतील प्रवासात गेले, त्यानंतर नियम पुष्कळ घोकले गेले. सभांच्या वेळा मात्र होत्या तेथेच राहिल्या.

म्हणून जिल्हा कचेऱ्यांना आणि मंत्र्यांच्या खाजगी सचिवांना माझी विनंती एवढीच आहे, की दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत विमानाच्या वेळेखालीच मोटारीने निघण्याची पर्यायी वेळ छापण्याचा शिरस्ता पाडावा, आणि त्या दोहोंतील कोणती पाळावयाची हे ठरविण्याचा अधिकार लेखी हुकुमाने वैमानिकाकडे द्यावा.