एक आजी, चार शिक्के!

वीकेंडला काहीतरी हटके करायचंय? मग स्क्रॅपबुक काढा! राजुऱ्याच्या माझ्या आजीचं आयुष्य मी सध्या रबरी शिक्क्यांनी सजवतेय. जन्म निजामाच्या राज्यातला, जिल्हा आदिलाबाद. १९५६ मध्ये नांदेड, १९५९ मध्ये चांदा आणि पुढे त्याचंच झालं चंद्रपूर. आजीने गाव सोडलंच नाही, जिल्हेच बदलत गेले! म्हणून चार शिक्के बनवून घेतले. फंडा सोपा आहे: पॅडवर शिक्का हलकेच टेकवा, आधी रद्दीवर छाप बघा, मग सरळ दाबा. गुळगुळीत फोटोवर शाई पसरते, म्हणून छाप शेजारच्या कागदावर. आजीला हल्ली नावं आठवत नाहीत. पण निळं ‘आदिलाबाद’ दिसलं, की तिचं बोट तिथेच थांबतं. तुमच्याही घरातलं कुणी सांगतंय, तोवर विचारून घ्या!