सायकलीचा विमा : व्यापारी कुटुंबांसाठी काही उपयुक्त माहिती

बेळगाव आणि सायकल यांचा संबंध फार जुना आहे. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ सन १८८८ मध्ये बेळगावातील सायकलीच्या दुकानाने झाला, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस शिक्षक असताना तेथून सायकली पाठवीत व त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. त्या काळी सायकल हे श्रीमंतांचे वाहन होते. पुढे ती दूधवाल्यांची, शाळकरी मुलांची आणि आपल्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पेढीवरील माणसांची झाली. आज मोटारसायकलींची गर्दी झाली असली तरी बाजारपेठेच्या अरुंद बोळांतून वसुली करण्यास, बँकेत भरणा करण्यास व नमुन्याची पुडी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविण्यास सायकलीसारखे स्वस्त साधन नाही.

असे असूनही तिच्या विम्याचा विचार आपण क्वचितच करतो. मीही केला नव्हता. सन १९९४ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धान्याच्या पेढीवरील वसुलीचे दिवाणजी बँकेत भरणा करण्यास गेले. भरणा करून बाहेर आले तो सायकल नाहीशी झालेली. ते पायी, भिजत पेढीवर आले, भरण्याची पावती माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "मालक, सायकलीचे पैसे पगारातून थोडे थोडे कापून घ्या." मी तत्काळ उत्तर दिले नाही, कारण मनातल्या मनात मी हप्त्यांचा हिशेबच करू लागलो होतो. आमचे वडील गादीवर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "पेढीच्या कामात गेली ती पेढीची गेली." त्या सायंकाळी मी दुकानाचे विमापत्र कपाटातून काढून प्रथमच पूर्ण वाचले. बँकेत नेल्या जाणाऱ्या रोकडीचा विमा त्यात होता. ती रोकड जिच्यावरून जात असे त्या सायकलीसाठीही एक स्वतंत्र विभाग होता, परंतु मी तो कोरा सोडला होता. थोडासा हप्ता वाचविला आणि त्याचा भार एका गरीब, प्रामाणिक माणसावर टाकण्याच्या बेतात आलो, याची लाज मला आजही वाटते. हा लेख त्या लाजेपोटीच लिहिला आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. मोटारवाहन रस्त्यावर आणावयाचे तर निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. पायांनी चालविण्याच्या सायकलीस अशी सक्ती नाही, म्हणून तिचा विमा मालकाने आपण होऊन मागितला पाहिजे. विजेवर चालणाऱ्या सायकलीसंबंधी एक भेद लक्षात ठेवावा. मोटारची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, अशा नियमात बसणाऱ्या वाहनास मोटारवाहन समजत नाहीत. या मर्यादांबाहेरच्या वाहनास नोंदणी व मोटारविमा दोन्ही लागतात. मुलांसाठी असे वाहन घेताना दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये, मान्यतेचा कागद पाहावा.

सायकलीचा विमा मिळण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग दुकानदारांच्या एकत्रित विम्याचा, म्हणजे ज्यास शॉपकीपर्स पॉलिसी म्हणतात तिचा. इमारत व माल, घरफोडी, रोकड, काच, नोकरांचा अपहार अशा विभागांबरोबर सायकलीचाही विभाग या पॉलिसीत असतो. प्रत्येक विभाग निवडून त्यात रक्कम घालावी लागते. जो विभाग कोरा राहील त्याचे संरक्षण नाही. दुसरा मार्ग हाउसहोल्डर्स पॉलिसीचा. घरातील मुलांच्या सायकली तिच्या सायकल-विभागात घालता येतात. तिसरा मार्ग केवळ सायकलीच्या स्वतंत्र विम्याचा. सन १९७३ मध्ये सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या राहिल्या. सन १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांसही वाट मोकळी झाली. परंतु एका साध्या सायकलीसाठी निराळे विमापत्र करण्यात एजंटास फारसे मिळत नाही, म्हणून तो उत्साह दाखवीत नाही. दुकानाच्या विम्याचे नूतनीकरण करतानाच सायकलीचा आग्रह धरणे हे व्यापाऱ्यास सर्वांत सोपे.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. दिनांक १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नावाची घराच्या विम्याची ठरावीक पॉलिसी सुरू झाली. ती आग, वादळ, पूर इत्यादी आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरीचा उल्लेख आहे, पण तो अशा आपत्तीमुळे व तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरता. अंगणातून एरवी नेलेल्या सायकलीची भरपाई तीतून मिळणार नाही. दुसरा गैरसमज घरफोडीच्या विम्याचा. चोरी आणि घरफोडी आपण बोलण्यात एकच समजतो, विमापत्र तसे समजत नाही. सन २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका व्यापारी पेढीच्या मालचोरीच्या दाव्यात असा निर्णय दिला की, विमापत्रात बळजबरीने प्रवेश करण्याची अट असेल तर कुलूप वगैरे न तोडता झालेली चोरी घरफोडीच्या विम्यात बसत नाही. हा निर्णय गोदामातील पोत्यांनाही लागू पडतो, म्हणून धान्य-व्यापाऱ्यांनी तो विशेष ध्यानात ठेवावा.

सायकलीच्या विमापत्रात सामान्यतः चोरी, आग व अपघात यांपासूनच्या नुकसानीस संरक्षण असते. तिऱ्हाइतास इजा झाल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतची जबाबदारीही पुष्कळदा असते. परंतु वापराने होणारी झीज, यंत्रातील बिघाड, शर्यतीतील किंवा भाड्याने दिली असतानाचे नुकसान यांची भरपाई नसते. घंटा, दिवा किंवा पंप तेवढाच चोरीस गेला आणि सायकल जाग्यावर राहिली, तर सहसा काही मिळत नाही. सायकल दिवाणजीच्या स्वतःच्या नावावर असून पेढीच्या कामात वापरली जात असेल, तर ती पेढीच्या विमापत्रात धरली जाईल काय, हे कंपनीस आधी लेखी विचारावे. ज्याचा वस्तूत हितसंबंध नाही त्यास विमा नाही, हे या व्यवहाराचे मूळ तत्त्व आहे.

आता कागदांविषयी. सायकल घेतल्याबरोबर पक्की पावती घ्यावी व तिच्यावर सांगाड्याचा क्रमांक लिहवून घ्यावा. हा क्रमांक बहुधा पायडलच्या आसाखाली किंवा बैठकीच्या नळीवर ठोकलेला असतो. पावती व सायकलीचे छायाचित्र दुकानाच्या वहीबरोबर ठेवावे. क्रमांक नसेल तर विमापत्रातील सायकल हीच, असे सिद्ध करणे कठीण जाते.

चोरी झाल्यास त्याच दिवशी पोलिसांत जावे व कंपनीस लेखी कळवावे. आज-उद्या सापडेल म्हणून चार दिवस वाट पाहणे महागात पडते. उशीर हे एकमेव कारण दाखवून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने सन २०११ मध्ये कंपन्यांस कळविले आहे. एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही सन २०२० मध्ये सांगितले की, पोलिसांत तत्काळ फिर्याद दिली असेल तर केवळ कंपनीस उशिरा कळविल्याने दावा बुडत नाही. या दोन्ही गोष्टींचा आधार पोलिसांकडे तातडीने जाणाऱ्यासच अधिक मिळतो.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण येते. निपाणी कर्नाटकात आहे. ज्या देवचंद महाविद्यालयात निपाणीची मुले जातात ते अर्जुननगर मात्र महाराष्ट्रात, कागल तालुक्यात आहे. मुलाची सायकल एका राज्यात विकत घेतलेली आणि दुसऱ्या राज्यात उभी असते. दिनांक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मात्र नव्या कायद्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणून जुन्या सायकलीसाठी घटनास्थळाच्या ठाण्यातच जाणे श्रेयस्कर. तेथे होणाऱ्या नोंदीची प्रत घ्यावी, आणि तेवढी नोंद दाव्यास पुरते काय हे विमा घेतानाच कंपनीस विचारून ठेवावे. गुन्हा खरा पण चोर सापडत नाही, असा अंतिम अहवाल कंपनी मागते. त्यास कर्नाटकात 'सी रिपोर्ट' म्हणतात, तर महाराष्ट्रात 'अ समरी'. शाखा कोल्हापूरची व अहवाल कन्नड असेल तर भाषांतराची तयारी ठेवावी.

भरपाई ठरविताना वापराच्या वर्षांप्रमाणे घसारा वजा होतो, हे विसरू नये. दावा नाकारल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा आलेल्या उत्तराने समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळुरूस आहे, आणि कोल्हापूरसाठी पुण्यास.

तर मग प्रत्येक सायकलीचा विमा करावा काय? माझे मत असे की, दहा-बारा वर्षांच्या जुन्या सायकलीस मजबूत कुलूप व साखळी हाच विमा पुरेसा आहे. नव्या, गिअरच्या वा विजेच्या महाग सायकलीचा, तसेच पेढीच्या कामासाठी रोज बाहेर जाणाऱ्या सायकलीचा विमा अवश्य करावा. पहिल्या प्रकारात आपली रक्कम मोठी असते, दुसऱ्या प्रकारात आपल्या माणसाचे मन.

शेवटी एक गोष्ट. चोरीचा माल घेणारा आहे म्हणून चोर आहे. पावतीवाचून अर्ध्या किमतीत मिळणारी सायकल घेण्याचा मोह चांगल्या घरांतही होतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनी अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान' फार पूर्वीच गणले आहे. पावती मागण्याची सवय लागली की कायदा आणि व्रत दोन्ही सांभाळले जातात.

त्या पावसाळ्यात आम्ही दिवाणजींस नवी सायकल घेऊन दिली. पगारातून काही कापले नाही. पुढे नूतनीकरणाच्या दिवशी विमापत्राचा तो विभाग मी स्वतः भरला, आणि दरवर्षी तो भरला गेला की नाही हे मी स्वतःच पाहतो. आपल्या सभासद बंधूंनी हा अंक मिटल्यावर आपापले विमापत्र एकदा कपाटातून काढून पाहावे, एवढीच विनंती आहे.