के, ए, टी म्हणजे मांजर!

पीटीएम म्हटलं की माझ्या ग्रुपमधले भलेभले प्रोजेक्ट मॅनेजर अप्रेझलच्या आदल्या दिवसासारखे चेहरे करतात. परवा कोथरूडला एका मैत्रिणीने सीनियर केजीतल्या लेकीची वही माझ्यापुढे टाकली. 'सेड' हा शब्द पोरीने एस, ई, डी असा लिहिलेला आणि त्यावर भली मोठी लाल फुली. "फोनिक्सचा क्लास लावू का गं?"

अगं, थांब जरा! शब्दात आवाज तीन. पोरीने तिन्ही ऐकले, क्रमाने मांडले, प्रत्येकाला अक्षर दिलं. स्पेलिंग चुकलं, पण फोनिक्स पक्कं आहे. मुलांना 'शिप' लिहायला सांगून बघा. एक जण नुसता एस लिहितो, दुसरा एस-पी, तिसरी एस-आय-पी, आणि एखादीच त्यात एच घालते. चौघं चार पायऱ्यांवर. नुसतं बरोबर की चूक एवढंच तपासलं, तर पहिल्या तिघांना सारखाच भोपळा!

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्स चाचणी होते. टीचर आणि मूल, दोघंच. ४० शब्द वाचायचे, त्यातले २० चक्क खोटे! खोट्या शब्दाशेजारी एलियनचं चित्र. 'कॅट' पाठ असू शकतो, 'व्हॅप' कसा असेल? तो आवाज जोडूनच वाचावा लागतो. आयडिया झकास आहे, पण वादही आहेत. आधीच छान वाचणारी मुलं खोट्या शब्दाचा ओळखीचा शब्द करून टाकतात आणि मार्क घालवतात. शिवाय लिहिण्याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही.

आपल्याकडे 'प्रथम' संस्थेचा 'असर' २००५ पासून गावोगावी, घरी जाऊन एकेका मुलाला वाचायला देतो. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल जिथवर पोचलं, ती त्याची पायरी. मला हे जास्त पटतं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'मध्ये मात्र मिनिटांचाही हिशेब आहे: तिसरीतल्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून.

आणि मराठी सोपी, बोलतो तसं लिहितो, असं म्हणणाऱ्यांनी 'चहा' आणि 'चमचा' मोठ्याने म्हणून बघावं. च एकच, आवाज दोन! 'पाणी'ला पहिली वेलांटी दिली म्हणून मार्क कापता, पण बोलताना तो फरक ऐकू येतो का कुणाला?

तेव्हा पुढच्या पीटीएमला टक्के विचारू नका. जूनमधलं एक पान आणि आत्ताचं एक पान शेजारी ठेवून मागा. मधला स्वर लिहायला लागलीय का, हे विचारा. क्लासची फी भरण्याआधी घरीही करता येतं: आठवड्यातून एकदा पाच नवे शब्द, कोरा कागद, वर तारीख. आणि खोडरबर लपवून ठेवा, खोडलेल्यातच तर सगळं कळतं.