सामायिक मोटारीची किल्ली

सहकारी तत्त्वावर चाललेले साखर कारखाने आणि दूध संघ ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना मोटारगाडीसुद्धा सहकाराच्या मालकीची असू शकते याचे फारसे नवल वाटणार नाही. तथापि स्वित्झर्लंडमधील ‘मोबिलिटी’ या सहकारी संस्थेचा इतिहास वाचीत असता माझे लक्ष तिच्या ताळेबंदावरून वारंवार ढळले आणि एकाच वस्तूवर खिळून राहिले; ती वस्तू म्हणजे किल्ली.

संस्थेची वंशावळ थोडक्यात सांगता येते. स्वतंत्र मोटार विकत घेण्याची ऐपत नसलेल्या काही मंडळींनी १९४८ साली झुरिक येथे ‘सेफागे’ नावाचा सामायिक मोटारींचा संघ काढला. पुढे १९८७ साली, मोटारींच्या अतोनात वाढीने अस्वस्थ झालेल्या नागरिकांनी स्टान्स या लहान गावी एक आणि झुरिक येथे दुसरी, अशा दोन सहकारी संस्था जवळजवळ एकाच वेळी स्थापिल्या. १९९७ साली त्या एकत्र आल्या आणि ‘मोबिलिटी’चा जन्म झाला. ल्युत्सर्न येथे थाटलेले तिचे मुख्य दफ्तर आता रोटक्रॉइत्स येथे आहे. एक हजार फ्रँकचा भाग घेणारा मनुष्य सभासद होतो, आणि सुमारे तीन हजार लाल गाड्या देशभरच्या दीड हजारांहून अधिक तळांवर, बहुधा एखाद्या रेल्वे स्थानकाच्या आसपास, उभ्या असतात.

आरंभीच्या काळात तळावरच्या भिंतीला एक लहानशी कुलूपबंद पेटी बसविलेली असे, आणि तीत गाड्यांच्या किल्ल्या ठेवलेल्या असत. सभासदाने दूरध्वनीवरून गाडी राखून ठेवावी, आपल्याजवळच्या चावीने पेटी उघडावी, काम आटोपल्यावर गाडी त्याच जागी आणून लावावी, आणि गाडीतील नोंदवहीत वेळ व किलोमीटर स्वहस्ते लिहून किल्ली पुन्हा पेटीत टाकावी, असा तो शिरस्ता होता. ज्याचे देणे त्याच्याच हस्ताक्षरातील आकड्यावरून ठरावयाचे, त्याच्यापाशी कोणी पहारेकरी उभा नव्हता. आणि तरीही हा कारभार वर्षानुवर्षे चालला, ही गोष्ट मला त्या संस्थेच्या साऱ्या विस्तारापेक्षा मोठी वाटते.

सभासद वाढले तसे हस्तलिखित तपशिलांचे ओझे दफ्तराला पेलेना, आणि गाडीत संगणक आला. काचेमागील यंत्रासमोर कार्ड धरले की ते आरक्षणाची शहानिशा करून दार उघडी, वेळेचा व अंतराचा हिशेब आपोआप मुख्यालयाकडे धाडी, आणि किल्ली पेटीतून निघून गाडीतल्या हातकप्प्यात येऊन बसली. आता कार्डाचे काम भ्रमणध्वनीही करतो. परंतु गाडी वेळेवर परत आणणे, आत कचरा न ठेवणे, ओरखडा उमटल्यास प्रामाणिकपणे कळविणे, ही कर्तव्ये कोणत्याही यंत्राने हिरावून घेतलेली नाहीत. कारण तासाभराने त्याच गाडीपाशी येणारा मनुष्य अपरिचित असला तरी तिचा तितकाच हकदार असतो.

आता जी अडचण उभी आहे ती किल्लीइतकी सहज सुटणारी नाही. २०३० पर्यंत सर्व गाड्या विजेवर आणण्याचा संकल्प संस्थेने केला होता. पेट्रोलच्या गाडीला उभे राहण्यापुरती जागा मिळाली की भागते. विजेच्या गाडीला त्याच जागी वीज भरण्याचे केंद्र हवे, आणि जागा तर बहुतांशी भाड्याची, कोठे रेल्वेची, कोठे नगरपालिकेची, कोठे एखाद्या घरमालकाची. तारा ओढण्याची परवानगी प्रत्येकाकडे निराळी मागावी लागते, आणि उद्या भाडेकरार सरला तर जमिनीत पुरलेला खर्च कोणाचा, हा प्रश्न उरतोच. शिवाय परत आलेल्या गाडीला पुरेसा विद्युत्भार मिळण्यापूर्वीच पुढचा सभासद दारात उभा राहू शकतो, म्हणून दोन आरक्षणांमधील अंतराचाही विचार करावा लागतो. उभ्या गाडीतील वीज गरजेच्या क्षणी वीजजाळ्याला परत देता येते काय, हे पाहण्यासाठी संस्थेने २०२२ पासून ५० गाड्यांवर, ४० ठिकाणी, प्रयोगही केला. त्या धाडसाविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. पण प्रयोगातील तंत्र कितीही पुढे गेले, तरी ज्या घरमालकाने आपल्या अंगणात खणण्यास नकार दिला, त्याच्या अंगणातील लाल गाडीला तूर्त पेट्रोलच भरावे लागणार.