पान उलटून बघता, तसं तोंडही उजेडात बघा

उसावर लोकरी मावा आला का, हे आपण पान उलटून बघतो. वरून पान हिरवंगार, कीड मात्र खालच्या बाजूला. तोंडाच्या कर्करोगाचंही असंच आहे.

कागल तालुक्यात शिवारफेरीत तंबाखूचं पीक घेणारे एक काका भेटले. तंबाखू खाण्याची सवय जुनी. गालाच्या आत पांढरा चट्टा. म्हणाले, "दुखत न्हाई सायेब, मग दवाखाना कशाला?" धोका इथंच आहे. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि दुखू लागेपर्यंत पुढं गेलेला असतो.

आता तोंड तपासायला निळ्या प्रकाशाची यंत्रं निघाली आहेत. हा प्रकाश तोंडात टाकून खास काचेतून बघितलं, की निरोगी भाग फिकट हिरवा चमकतो. बिघडलेल्या जागी चमक देणारे घटक कमी झालेले असतात, म्हणून ती काळपट दिसते. तिरुवनंतपुरम इथं तयार झालेलं 'ओरलस्कॅन' हे हातात धरायचं देशी यंत्र २०२० मध्ये आलं.

मात्र यंत्राचा निकाल शेवटचा नव्हे. साध्या सुजेची जागाही काळपट दिसू शकते. उलट, काळं दिसलं नाही म्हणून चट्टा सोडून देऊ नये. प्रकाश फक्त संशयाची जागा दाखवतो. पक्कं निदान तिथला तुकडा काढून तपासल्यावरच होतं.

गावात यंत्र नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातच १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

तेव्हा महिन्यातून एकदा आरसा आणि बॅटरी घ्या. ओठ, गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघा. मशेरी लावणाऱ्या माय-भगिनींनीही बघावं. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथून पुढं तपासणीला पाठवतात.

काकांचा तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण त्याच्या आधीची पायरी होती. तंबाखू त्यांच्या शेतात अजून आहे, तोंडात मात्र राहिली नाही.