शेंकडा २५ जागा

शहरांत वस्त्यांप्रमाणें शाळाही विभागल्या जातात. चाळींतील मुलें एकीकडे, बंगल्यांतील दुसरीकडे. हें अंतर कमी व्हावें म्हणून २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशाच्या वर्गांत निदान शेंकडा २५ जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं राखल्या. सरकारचा दर मुलामागें होणारा खर्च किंवा शाळेचें शुल्क, यांपैकीं कमी असेल तेवढी भरपाई सरकारनें द्यावयाची. घरीं इंग्रजी धडा समजावून देणारें माणूस मात्र त्या भरपाईंत येत नाहीं. आणि खरी अडचण तेथेंच आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यांतून वगळल्या. मिशन शाळांना हा निकाल सोयीचा वाटला असेल. पण अमेरिकन मिशननें १८२४ सालीं मुंबईंत मुलींची शाळा काढिली, ती कोणत्या कायद्याच्या सक्तीनें?